एकाच ग्राफमध्ये रेघ कुठे जाड, कुठे बारीक का दिसते?

समजा, तुम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या पाऊस-पाण्यावर काम करताय. थिसिसच्या एका पानावर शेजारी-शेजारी दोन ग्राफ आहेत: गोंदियाचा महिनावार पाऊस आणि नवेगावबांध तलावाची पाणीपातळी. दोन्हीकडे लाइनविड्थ 1.5 दिली, तरी पावसाची रेघ किरकोळ आणि तलावाची ठसठशीत दिसते. परीक्षकाला वाटणार, पाऊस गौण आणि तलाव मुख्य. तुम्हाला तर तसं काही म्हणायचंच नाही!

मॅटप्लॉटलिबमध्ये 1.5 म्हणजे 1.5 पॉइंट, 72 पॉइंटांचा एक इंच. पण हे माप फाइल तयार होते त्या आकाराचं असतं. पावसाचा ग्राफ 12 इंच रुंद काढला, पातळीचा 6 इंच, आणि वर्डमध्ये दोन्ही 3-3 इंचांत बसवले, की पहिल्याची रेघ 0.375 पॉइंट उरते, दुसऱ्याची 0.75. अक्षरंही त्याच हिशेबाने आकसतात. म्हणून आधी पानावरची रुंदी ठरवा, फिगसाइझ तेवढाच द्या आणि नंतर कोपरा धरून ओढू नका. सेव्ह करताना कडेची पांढरी जागा कापणारा ‘टाइट’ पर्यायही जपून वापरा. त्याने फाइलचा आकार गुपचूप बदलतो, आणि लॅटेकमध्ये ठरावीक रुंदी दिली की प्रत्येक ग्राफ वेगळ्या प्रमाणात ताणला जातो.

मॅथेमॅटिकावाल्यांचं दुखणं निराळं. तिथे ‘थिकनेस’ हा ग्राफच्या रुंदीचा अंश असतो, त्यामुळे ग्राफ रुंद तर रेघही जाड. पॉइंटांत माप हवं असेल तर ‘ॲब्सोल्यूटथिकनेस’ वापरा.

आता एकाच ग्राफमधली गंमत. आपल्याकडे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. हिवाळ्यात रेघ शून्याला टेकते. वाय-अक्षाची खालची मर्यादा नेमकी 0 ठेवली, तर रेघेची अर्धी जाडी चौकटीबाहेर जाते आणि कापली जाते. म्हणजे जुलैत पूर्ण रेघ आणि जानेवारीत अर्धी! मर्यादा शून्याच्या किंचित खाली न्या, झालं. (खरं तर महिनावार पावसाला रेघेपेक्षा खांब बरे, पण ते राहू द्या.)

आणखी एक. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला 1 मे 1999 ला. त्याआधीची जिल्हावार आकडेवारी भंडाऱ्याच्या नावावर सापडते. हे दोन काळ वेगळे दाखवायचे असतील तर जाडी बदलू नका, तुटक रेघ घ्या. छपाईत जाडीतला फरक चूक वाटतो, तुटक रेघ मुद्दाम केलेली वाटते.

एवढं करूनही पीडीएफमध्ये रेघा कमी-जास्त दिसल्या तर लगेच कोड उकलू नका. ॲडोबी रीडरमध्ये ‘एन्हान्स थिन लाइन्स’ नावाचं सेटिंग आहे, ते बारीक रेघा पडद्यावर जाड करून दाखवतं. ते बंद करा, 400 टक्के झूम करून बघा. पीएनजीच हवी असेल तर डीपीआय वाढवा: 100 डीपीआयला 0.5 पॉइंटची रेघ एक पिक्सेलसुद्धा भरत नाही, मग ती कुठे फिकट तर कुठे गडद दिसते. शेवटी त्या एका पानाची प्रिंट काढा आणि दोन्ही ग्राफ शेजारी ठेवून बघा.