गारगोटीची धूळ आणि क्षयाचा जंतू

क्षयरोगाचे जंतू ज्यांच्या शरीरात शिरतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही. शंभरातील पाच ते दहा जणांतच तो आयुष्यात केव्हातरी डोके वर काढतो. हे प्रमाण वाढवणाऱ्या कारणांमध्ये एचआयव्ही, मधुमेह आणि कुपोषण यांची चर्चा पुष्कळ होते, परंतु फुप्फुसाच्या जुनाट आजारांकडे, विशेषतः सिलिकोसिसकडे, तितके लक्ष जात नाही. दगड फोडताना किंवा कापताना उडणारी सिलिकाची, म्हणजे मुख्यतः गारगोटीची, अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने फुप्फुसात कठीण गाठी धरतात, आणि त्या विरघळवणारे औषध अद्याप उपलब्ध नाही.

या दोन रोगांची गाठ पडते ती भक्षकपेशींमध्ये. श्वासातून आलेले परके कण व जंतू गिळणे हे या पेशींचे काम. मात्र गारगोटीचा कण त्यांना गिळता येतो, पचवता येत नाही. त्या कणामुळे पेशीतील पाचकद्रव्याची पिशवी फाटते, पेशी मरते, मोकळा झालेला कण दुसरी पेशी गिळते आणि हेच चक्र पुढे चालू राहते. राखणीच्या कुत्र्याने विषारी तुकडा खाऊन निपचित पडावे आणि त्याच रात्री घर फुटावे, तशी ही अवस्था असते, कारण क्षयाच्या जंतूला आवर घालण्याचे कामही याच पेशींकडे असते.

हे प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात लीरॉय गार्डनर या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाचे आहे, ज्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. न्यूयॉर्क राज्यातील सॅरॅनॅक लेक येथे, जिथे तो स्वतः क्षयाचा रुग्ण म्हणून आला होता, त्याने गिनीपिगांना क्षयाच्या सौम्य जंतूंची लागण केली. एरवी भरून येणाऱ्या या प्राण्यांच्या जखमा गारगोटीची किंवा ग्रॅनाइटची धूळ हुंगवल्यावर पुन्हा चिघळल्या, असे त्याने १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्याच्या अ‍ॅस्बेस्टॉसवरील संशोधनाला त्याच उद्योगाचा पैसा होता आणि त्यातील कर्करोगाविषयीच्या नोंदी १९४६ मधील त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या अहवालातून गाळल्या गेल्या. धुळीचे विज्ञान कोणाच्या पैशावर चालते हा प्रश्न तेव्हापासून गैरलागू झालेला नाही.

प्रयोगशाळेतील हा निष्कर्ष माणसांमध्ये सर्वाधिक स्पष्टपणे दिसला तो दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत, कारण तेथील सोने गारगोटीयुक्त खडकात आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिलिकोसिस नसलेल्या दर हजार खाणकामगारांपैकी वर्षाला सुमारे १० जणांना, तर सिलिकोसिस असलेल्यांपैकी सुमारे २७ जणांना क्षय झाल्याचे आढळले. एचआयव्हीची साथ आल्यावर दोन्ही धोक्यांची नुसती बेरीज झाली नाही, तर गुणाकार झाला. शिवाय एक्स-रेमध्ये सिलिकोसिसच्या गाठी आणि क्षयाचे डाग एकमेकांत मिसळत असल्याने निदान लांबते, आणि उपचार पुरे झाल्यावर रोग उलटण्याची शक्यताही अधिक असते.

गोळीने हा प्रश्न सुटेल, अशी आशा होती. याच खाणींतील ‘थिबेला’ या भव्य चाचणीत काही खाणींवरील सर्व कामगारांना नऊ महिने आयसोनायझिड हे प्रतिबंधक औषध देऊ करण्यात आले. औषध चालू असेपर्यंत संरक्षण मिळाले, पण खाणींतील क्षयाचे एकूण प्रमाण घटले नाही, असे २०१४ मध्ये जाहीर झाले. म्हणून सिलिकोसिसच्या रुग्णाला प्रतिबंधक उपचार देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस योग्य असली, तरी ड्रिलवर पाण्याचा फवारा आणि बंदिस्त यंत्रे यांची जागा ती घेऊ शकत नाही.

भारतातही खंभातच्या अकीक घासणाऱ्यांपासून दगडखाणी व क्रशरवरील मजुरांपर्यंत हा धोका पसरलेला आहे, आणि धुळीचे काम सुटल्यावरही तो संपत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास अशा व्यक्तीने डॉक्टरांना आपले आजचेच नव्हे, तर पूर्वीचे कामही आवर्जून सांगावे आणि थुंकीची तपासणी करून घ्यावी.