मेंदूच्या वाटा (लेखांक ७) : लिहिता येतं, वाचता येत नाही

नागपूरच्या हुडकेश्वर रोडवरून जाताना एकदा करून बघा. दुकानांच्या पाट्यांकडे नुसतं बघायचं, वाचायचं मात्र नाही. जमत नाही. 'किराणा' ही तीन अक्षरं डोळ्यांपुढे आली की शब्द मनात उमटतोच. दिसणं आणि वाचणं आपल्यासाठी एकच झालेलं असतं.

पॅरिसमधल्या एका माणसाच्या बाबतीत ते दोन झालं. ऑक्टोबर १८८७. कापडाच्या व्यापारातून निवृत्त झालेले, ६८ वर्षांचे, वाचनाची आवड असलेले हे गृहस्थ. वैद्यकाच्या इतिहासात त्यांची ओळख 'श्रीयुत सी.' एवढीच आहे. रस्त्याने चालताना त्यांच्या लक्षात आलं, की पाट्या दिसताहेत, पण वाचता येत नाहीत. त्यांना वाटलं, चष्मा लागला. ते नेत्रतज्ज्ञ लँडोल्ट यांच्याकडे गेले. नजर तीक्ष्ण होती, फक्त उजवीकडचं दिसत नव्हतं. लँडोल्टनी त्यांना मेंदूचे डॉक्टर ज्यूल देजरीन यांच्याकडे पाठवलं.

(आपल्याकडेही पहिली धाव चष्म्याच्या दुकानाकडेच जाते. म्हणून कळकळीने सांगतो : ओळखीची अक्षरं एकाएकी परकी झाली, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. थेट मोठं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.)

देजरीनना जे दिसलं ते विलक्षण होतं. सी. अस्खलित बोलत. सांगितलेला मजकूर सुरेख लिहून देत. पण स्वतःच लिहिलेलं त्यांना वाचता येत नसे. आकडे मात्र वाचता येत, हिशेबही करता येत. रोमन 'ए' त्यांना चित्रकाराच्या घोडीसारखा दिसे, 'झेड' सापासारखा. आकार कळे, अक्षर कळत नसे. मग अक्षरावरून बोट फिरवलं, की ते ओळखता येई! पाटीवर अक्षरं गिरवलेल्या आपल्या पिढीला याचं फार नवल वाटू नये. हाताने शिकलेलं अक्षर डोळ्यांची वाट सोडून दुसऱ्या वाटेने भाषेपर्यंत पोचत होतं.

जानेवारी १८९२ मध्ये त्यांना दुसरा झटका आला. या वेळी लिहिणंही गेलं आणि काही दिवसांत ते वारले. शवविच्छेदनात दोन इजा सापडल्या. जुनी इजा डाव्या मेंदूच्या मागच्या भागात आणि दोन्ही मेंदूगोलार्धांना जोडणाऱ्या पुलाच्या मागच्या टोकाशी होती. उजवा मेंदू अक्षर बघत होता, पण ते डाव्या बाजूच्या भाषाकेंद्रापर्यंत नेणारा पूलच तुटला होता. ताजी इजा डावीकडेच, अक्षरांची ओळख जपणाऱ्या भागात होती.

एका माणसावरून एवढं ठरवायचं? माझ्या मते हो, आणि इथे एकच बरा. झटका आलेल्या शंभर जणांचे गुण बेरजेला घेऊन सरासरी काढली, तर 'वाचन थोडं कमी, लेखन थोडं कमी' असा माणूस निघेल, जो त्या शंभरांत कदाचित कुणीच नसेल. वाचता आल्याशिवाय लिहिता येतच नाही, हा समज खोटा ठरवायला मात्र एक सी. पुरतात.

सी. यांच्यासारखंच पुढे आणखी एकाचं झालं. जुलै २००१ मध्ये कॅनडातले रहस्यकथाकार हॉवर्ड एंगेल सकाळी वर्तमानपत्र उघडून बसले, तर मजकूर एखाद्या परक्या लिपीतला वाटला. लिहिणं शाबूत होतं. पुढे वाचताना त्यांची जीभ आपोआप दातांवर, टाळूवर अक्षरं गिरवू लागली. तशाच अवस्थेत त्यांनी लिहिलेली 'मेमरी बुक' ही कादंबरी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली.