पेनल्टीच्या वेळचे अतिक्रमण

ज्या १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली, त्याच वर्षी फुटबॉलच्या नियमांत पेनल्टी किकची भर पडली. गोलरेषेपासून ११ मीटरांवर चेंडू, तो मारणारा एक खेळाडू आणि समोर एकटा गोलरक्षक, असे या दंडाचे स्वरूप आहे. बाकीच्या खेळाडूंनी पेनल्टी क्षेत्राबाहेर, चेंडूच्या मागे आणि त्यापासून किमान ९.१५ मीटर अंतरावर उभे राहिले पाहिजे. चेंडू मारला जाण्यापूर्वी कोणी आत शिरला, तर ते अतिक्रमण होय.

नियम सोपा असला, तरी पंचाचे काम सोपे नाही. गोलरक्षकाच्या पायांवर साहाय्यक पंचाची नजर असते. परंतु चेंडू मारणारा आणि रेषेवर टपून बसलेले खेळाडू मुख्य पंचालाच एकाच क्षणी पाहावे लागतात. पूर्वी पाऊलभर अतिक्रमणही दंडपात्र असे. त्यामुळे बहुधा काणाडोळा होई आणि क्वचित कोणा एकावर शिक्षेची कुऱ्हाड कोसळे. जो नियम अनेकजण मोडतात आणि जो एखाद्यालाच लागू होतो, त्याविषयी आदर उरत नाही.

म्हणून जुलै २०२४ पासून अतिक्रमणाचा परिणाम विचारात घेतला जातो. गोलरक्षकाने अडविलेला चेंडू आगाऊ आत शिरलेल्या आक्रमकाने गोलात धाडला, तर तो गोल रद्द होऊन प्रतिपक्षास अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. उलट, आगाऊ शिरलेल्या बचावपटूने तोच चेंडू दूर लाथाडून आक्रमकाची संधी हिरावली, तर पेनल्टी पुन्हा घेतली जाते. अतिक्रमणामुळे गोलरक्षक किंवा चेंडू मारणारा स्पष्टपणे विचलित झाला, तरीही ते दंडनीय ठरते. ज्याच्या शिरण्याने काहीच बिघडले नाही, त्याच्यासाठी खेळ थांबविण्याचे कारण नाही.

ही सवलत म्हणजे ढिलाई नव्हे. शिट्टी वाजविण्यापूर्वी पंचाने सर्वांना रेषेमागे नेऊन स्पष्ट ताकीद द्यावी, आणि चेंडू व रेषा दोन्ही दिसतील अशी जागा घ्यावी. चेंडू परत आलाच, तर त्यावर प्रथम झडप घालणारा किकच्या क्षणी कोठे होता, हे त्याला सांगता आले पाहिजे. कारण हा नियम अखेर नियम पाळून रेषेमागे थांबलेल्या खेळाडूसाठी आहे. दोन पावले चोरणाऱ्याने त्याच्या आधी चेंडू गाठला आणि सामना जिंकला, तर प्रामाणिकपणाचीच शिक्षा त्याला भोगावी लागते.