पहिलटकरीण, वजनाचा आकडा आणि कळा

पोटुशी सुनेला दोन घास कमीच वाढायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. बाळ पोसलं की अडतं, असा त्यामागचा हिशोब. प्रत्यक्षात दुखणं उलटं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जो अभ्यास केला, त्यात नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलं. यवतमाळसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात, शेवटच्या आठवड्यापर्यंत निंदणाला जाणाऱ्या बाईचं बाळ लहान जन्मण्याचीच धास्ती अधिक.

म्हणूनच सोनोग्राफीच्या कागदावर ‘३.६ किलो’ दिसलं की घर हबकतं. पहिलटकरीण असेल तर विचारूच नका. ‘आताच कळा आणवा’ म्हणणारे नातेवाईक आणि ‘सरळ सिझर करा’ म्हणणारे नातेवाईक एकाच बाकावर बसलेले असतात.

पण हे वजन तराजूवरचं नव्हे. डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून यंत्राने बांधलेला तो अंदाज आहे आणि तो दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतो. ३.६ चं बाळ सव्वातीन किलोचंही निघतं, चारच्या घरातलंही. वैद्यकात ‘मोठं’ म्हणतात ते साधारण चार किलोच्या पुढच्या बाळाला. तेवढ्या बाळाचं डोकं बाहेर आल्यावर खांदा आईच्या जघनाच्या हाडामागे अडकू शकतो. खरी भीती त्याची.

मग आधीच कळा आणल्या तर? फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि बेल्जियममधल्या ८२२ बायकांच्या, २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत लवकर कळा आणल्याने खांदा अडकण्याचे आणि त्यातून होणाऱ्या इजांचे प्रकार ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. ब्रिटनमध्ये २,८९३ बायकांवर झालेली मोठी चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात खांदा अडकण्यातला फरक उरला कळा आणलेल्यांत २.३ विरुद्ध वाट पाहणाऱ्यांत ३.१ टक्क्यांचा, म्हणजे ठाम काही म्हणता येऊ नये इतकाच. वाट पाहायला ठेवलेल्यांपैकी बऱ्याच जणी तशाही लवकरच बाळंत झाल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०११ मध्येच सांगून ठेवलंय की, केवळ बाळ मोठं असल्याच्या संशयावरून कळा आणू नयेत.

आपल्याकडे मला हाच सल्ला पटतो, आणि त्याचं कारण तारीख. शेवटची पाळी ‘पोळ्याच्या आगेमागे’ आली होती एवढंच जिला आठवतं आणि जिची पहिली सोनोग्राफीच सातव्या महिन्यात झाली, तिचे अडतीस आठवडे खरे कशावरून? चुकून पस्तिसाव्यात कळा आणल्या, तर ‘मोठ्या’ बाळाला श्वासासाठी काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येते.

वजनाआधी विचारायची गोष्ट साखर. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासायचं. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पोट रिकामं असलंच पाहिजे असं नाही, त्यामुळे दूरच्या पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, आलेल्या बाईचीही तपासणी त्याच दिवशी होते. मधुमेही आईच्या बाळाच्या खांद्यांवर चरबी चढते. तिथे कळा आणायचा निर्णय लवकर घेण्याला अर्थ आहे.

कळा आणणं म्हणजे एक इंजेक्शन आणि तासाभरात पेढे, असं नसतं. पहिलटकरणीच्या पिशवीचं तोंड बहुधा घट्ट आणि लांब असतं. आधी ते मऊ करावं लागतं. एक मार्ग फोली कॅथेटरचा: लघवीसाठी वापरतात तीच रबरी नळी पिशवीच्या तोंडातून आत सरकवून तिचा फुगा पाण्याने भरायचा. दुसरा मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा. या दोन्हींची तुलना विदर्भातच झाली आहे. नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा रुग्णालय इथे रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांवर ती झाली आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅमची गोळी तोंडाने घेतलेल्यांपैकी ५७ टक्के जणी चोवीस तासांत खालून बाळंत झाल्या. फुगा बसवलेल्यांपैकी ४७ टक्के. वजनाच्या प्रश्नाला ही चाचणी उत्तर देत नाही, पण चोवीस तास उलटूनही कित्येक जणी मोकळ्या झाल्या नव्हत्या, हे बाहेर ताटकळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

बाजारात हीच गोळी २०० मायक्रोग्रॅमचीही मिळते. तिचे ब्लेडने आठ तुकडे केले तर प्रत्येकात किती औषध गेलं, कोण सांगणार? डोस जास्त झाला की कळांमध्ये उसंत राहत नाही, बाळाचे ठोके घसरतात, क्वचित पिशवीच फाटते. म्हणून जिथे ठोके सतत ऐकले जातात, रक्त मिळतं आणि रात्रीही सिझर होतं, तिथेच हे करावं. झरी-जामणी किंवा मारेगावच्या आतल्या गावातून निघालेली गाडी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचेपर्यंत बराच वेळ जातो. अंतराच्या धाकाने कळा आणवण्यापेक्षा तारखेआधी येऊन दवाखान्याजवळ राहणं बरं. आदिवासी भागासाठी राज्याची माहेरघर योजना याच विचाराची आहे.

आणि खांदा अडकलाच तर? असे बरेच प्रसंग चार किलोखालच्या बाळांतही घडतात, तेव्हा वजनावर विसंबून बेसावध राहता येत नाही. दोघींनी आईच्या दोन्ही मांड्या पोटाकडे घट्ट दुमडायच्या, तिसरीने जघनाच्या हाडाच्या अगदी वर तळहाताने दाब द्यायचा. पोट वरून, छातीच्या बाजूने मात्र दाबायचं नाही. घाईत हात नेमके तिथेच जातात आणि त्याने खांदा हाडामागे आणखी घट्ट रुततो.