फर्डे इंग्रजी आणि पाच अक्षरे

तिलवारा घाटाच्या आसपास आणि एकूणच जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमध्ये हल्ली एक मत इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे कानी पडते, की त्याची रीतसर तपासणी करणे आता अगत्याचे झाले आहे. इंग्रजी शब्द ओळखण्याचे खेळ, मग तो वहीच्या मागच्या पानावर एकेक अक्षर विचारून खेळायचा हँगमॅन असो की मोबाइलवरचा वर्डल, ज्याचे इंग्रजी फर्डे त्यालाच साधतात, आणि मराठी वा हिंदी माध्यमातून शिकलेल्या मुलाने त्या वाटेला जाऊ नये, असे ते मत होय. ते बोलून दाखवणारे बहुधा आईबापच असतात आणि ज्याच्याविषयी बोलणे चालते ते मूल शेजारीच उभे असते, याचा मला मनापासून संताप येतो. कारण हे मत मुलाला नाउमेद तर करतेच, शिवाय वस्तुस्थितीच्या कसोटीवर ते टिकतही नाही.

प्रथम शब्दांच्या संख्येचा मुद्दा घेऊ. वर्डलमध्ये पाच अक्षरांचा एक अज्ञात शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. प्रत्येक प्रयत्नानंतर कोणते अक्षर योग्य जागी आहे, कोणते शब्दात असूनही जागा चुकले आहे आणि कोणते मुळीच नाही, हे रंगांवरून कळते. जॉश वॉर्डल यांनी २०२१ साली हा खेळ सर्वांसाठी खुला केला. न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०२२ मध्ये छापलेल्या वृत्तानुसार, इंग्रजीतील सुमारे १२,००० पंचाक्षरी शब्दांतून त्यांच्या सहचारिणी पलक शाह यांनी आपल्या परिचयाचे शब्द निवडून काढले आणि उत्तरांची यादी सुमारे २,५०० वर आणली. म्हणजे दुर्बोध शब्द उत्तरांतून आधीच बरतरफ झालेले आहेत. उरले ते बहुतांशी ‘टेबल’, ‘वॉटर’, ‘ब्रेड’ अशा जातीचे; आणि हे शब्द कोणत्याही माध्यमाच्या आठवीतल्या मुलाला अनोळखी नाहीत.

दुसरा दाखला याहून बोलका आहे. हाती आलेल्या सुट्या अक्षरांतून शब्द जुळवण्याच्या स्क्रॅबल या खेळात न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच भाषेचे जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि ते मिळवले तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते; काही आठवडे फ्रेंच शब्दकोशाचा अभ्यास करून ते स्पर्धेत उतरले होते. पुढे २०२४ साली, स्पॅनिश बोलता येत नसतानाही, त्यांनी त्या भाषेचेही जागतिक विजेतेपद पटकावले. रिचर्ड्स यांची स्मरणशक्ती असामान्य आहे हे मान्य करूनही एवढे निर्विवाद उरतेच, की भाषेवरील प्रभुत्व ही एक विद्या आहे आणि अक्षरांच्या रचनेची जाण ही निराळी विद्या आहे. दुसरीसाठी पहिलीचे दार ठोठावत बसण्याचे कारण नाही.

तरीही ज्यांची खातरजमा होत नाही, त्यांनी कागद घेऊन पुढील उदाहरण स्वतः सोडवून पाहावे. समजा, दोन प्रयत्न संपले आहेत आणि शेवटची चार अक्षरे आय, जी, एच, टी ही निश्चित झाली आहेत. फक्त पहिले अक्षर अज्ञात आहे. फर्डे इंग्रजी येणारा गृहस्थ येथे हर्षभरित होतो, ‘फाइट’, ‘लाइट’, ‘माइट’, ‘नाइट’ असे एकेक शब्द धडाधड लिहीत सुटतो आणि सहावा प्रयत्न संपला तरी रिकाम्या हाताने बसून राहतो. कारण येथे नेहमीच्या वापरातील शब्द आठ आहेत, एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट आणि टाइट, आणि प्रयत्न उरले आहेत चार. म्हणजे यशाची शक्यता निम्मीच.

आता ज्याने आठही उमेदवारांची फेरिस्त आधी कागदावर मांडली, तो काय करील? तो मुद्दाम असा शब्द लिहील की जो उत्तर असणे शक्यच नाही, परंतु ज्यात संशयित अक्षरांपैकी चार एकाच वेळी तपासली जातील. कुत्र्याच्या गुरगुरण्यासाठी इंग्रजीत ‘स्नार्ल’ असा शब्द आहे. त्याची अक्षरे एस, एन, ए, आर, एल. यांपैकी एस, एन, आर किंवा एल रंगले, तर उत्तर अनुक्रमे साइट, नाइट, राइट किंवा लाइट, आणि पुढच्याच प्रयत्नात काम फत्ते. एकही रंगले नाही, तर एट, फाइट, माइट व टाइट एवढेच उरतात; त्यांच्यासाठी ‘फ्रेम’ हा शब्द लिहावा. त्यातले एफ रंगले तर फाइट, एम रंगले तर माइट, ई रंगले तर एट आणि तिन्ही कोरी राहिली तर टाइट. म्हणजे आठांपैकी कोणताही शब्द असला तरी तो जास्तीत जास्त तीन प्रयत्नांत हाती लागतो, आणि चौथा प्रयत्न शिल्लक राहतो. खेळाचा ‘कठीण प्रकार’ निवडला असेल तर सापडलेली अक्षरे पुढे वापरावीच लागतात व ही तजवीज चालत नाही. एरवी तिला कोणतीही आडकाठी नाही. या सबंध व्यवहारात फर्ड्या इंग्रजीचा उपयोग कोठे झाला, हे मला कोणी दाखवून द्यावे. उपयोग झाला तो यादी करण्याचा आणि वजाबाकीचा.

या मुख्य गैरसमजाच्या आश्रयाने नांदणारे काही किरकोळ गैरसमजही आहेत.

‘ई, टी, ए, ओ, आय, एन या क्रमाने अक्षरे विचारावीत.’ हा क्रम सलग मजकुराचा आहे, शब्दांच्या यादीचा नव्हे. जबलपुरात सैन्याच्या सिग्नल्स दलाचे जुने प्रशिक्षण केंद्र आहे. तारायंत्राची जी लिपी अशा केंद्रांतून शिकवली गेली, तीत ई साठी एकच टिंब आणि टी साठी एकच रेघ ठेवली आहे, कारण संदेशांत ही अक्षरे वारंवार येतात. परंतु मजकुरात टी आणि एच यांचे प्राबल्य ‘द’, ‘दॅट’ अशा पुनःपुन्हा येणाऱ्या लहान शब्दांमुळे वाढते. वर्डलच्या उत्तरांच्या मूळ यादीत, जी नेमकी २,३१५ शब्दांची होती, ई नंतर ए आणि आर यांचा क्रम लागतो, टी पाचवे येते आणि एच बरेच मागे पडते.

‘एकदा आलेले अक्षर पुन्हा येत नाही.’ येते; त्याच यादीतील जवळजवळ एक तृतीयांश शब्दांत एखादे तरी अक्षर दोनदा आहे.

‘स्वराक्षराविना इंग्रजी शब्द नाही.’ ‘निम्फ’, ‘क्रिप्ट’, ‘ट्रिस्ट’ यांत ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही. तेथे वाय स्वराचे काम करते.

‘क्यू नंतर यू येणारच.’ बहुधा येते. पण ‘कतार’ या देशाचे नाव किंवा अरबीतून आलेला ‘निकाब’ लिहून पाहावा.

‘अनेकवचनाचा एस शेवटी धरून चालावे.’ मूळ यादीत ३६६ शब्द एसने सुरू होतात, पण शेवटी एस क्वचितच येतो. शेवटी ई ४२४ शब्दांत आणि वाय ३६४ शब्दांत आहे.

सारांश, ज्या गोष्टी येथे उपयोगी पडतात त्या सर्व शिकवता येण्याजोग्या आहेत, आणि त्या शिकवायला घरात कोणी इंग्रजी बोलणारे असण्याची गरज नाही. पालकांनी मुलाच्या हाती एक पेन्सिल द्यावी आणि प्रत्येक प्रयत्नापूर्वी शक्य असलेले सर्व शब्द लिहून काढण्याचा शिरस्ता त्याला घालून द्यावा. तो नियमाने पाळणारे मूल पुढे बीजगणितात आणि तर्कातही मागे राहणार नाही, असा माझा विश्वास आहे. ‘हे तुझे काम नव्हे’ हे वाक्य मात्र त्याच्या कानी पुन्हा पडता कामा नये.