शरदात सूर्य लवकर मावळतो, मूल मात्र उशिरा झोपतं

आज आपण शरद ऋतूबद्दल बोलणार आहोत. चांदण्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून आपण घरात येऊ. ज्या घरात एक ते सहा वर्षांचं मूल आहे, त्या घरातला शरद कसा असतो?

आश्विन आणि कार्तिक हे या ऋतूचे दोन महिने. नवरात्र, दसरा, कोजागरी, दिवाळी अशी सणांची रांगच लागते. आणि याच दिवसांत आई-बाबांची एक ठरलेली तक्रार ऐकू येते: पोर रात्री झोपत नाही, सकाळी उठत नाही, जेवताना किरकिर करतं, आणि दर पंधरा दिवसांनी सर्दी-ताप आहेच. मग आजी म्हणते दृष्ट लागली, बाबा म्हणतात लाडावलंय. पण मुलाच्या स्वभावाला बोल लावण्याआधी एकदा घड्याळाकडे बघू या.

23 सप्टेंबरच्या आसपास दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात. तिथून पुढे दिवस लहान होत जातो. मुंबईत सप्टेंबरअखेर सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरच्या मध्यावर सहाला. दिल्लीत हाच फरक जास्त जाणवतो: सव्वासहाचा सूर्यास्त साडेपाचवर येतो. कोलकात्यात तर नोव्हेंबरात पाचच्या आधीच अंधार पडायला लागतो. म्हणजे निसर्ग रोज थोडा लवकर दिवे मालवतोय. आणि आपण? आपण गरब्याला जातो, खरेदीला जातो, रात्री चकल्या तळतो, पाहुण्यांशी गप्पा मारतो. घर रोज थोडं उशिरा झोपतंय. या दोघांच्या मध्ये सापडतं ते लहान मूल.

अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढायला लागतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. प्रखर उजेड पडला की ते काम थांबतं. लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त उजेड शिरतो, त्यामुळे मांडवातले दिवे, दुकानांची रोषणाई आणि हातातला मोबाईल यांचा त्यांच्यावर परिणामही जास्त होतो. म्हणून रात्री साडेदहाला घरी आलेलं तीन वर्षांचं मूल दमलेलं असूनही सोफ्यावर उड्या मारतं. आपण म्हणतो, "बघा, याला झोपच नाही!" खरं तर त्याची झोप आठ वाजता दारात येऊन परत गेलेली असते.

झोप किती हवी? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात: एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह 11 ते 14 तास, तीन ते चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास. सकाळी सातला शाळेची गाडी येत असेल, तर हिशेब तुम्हीच करा.

मग काय सण करायचे नाहीत? करायचे की! उलट गंमत अशी आहे की आपल्या बऱ्याच रीती मुळात संध्याकाळच्याच आहेत. रात्रीवर त्या आपण ढकलल्यात.

भोंडला घ्या. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. कुठे हादगा, तर विदर्भ-खानदेशात भुलाबाई. तास-दीड तासात सगळं आटोपतं. तीन वर्षांचं पोरही त्यात हात धरून फिरू शकतं, आणि डबा हलवून "आत काय आहे?" हा प्रश्न तर त्याच्यासाठीच असतो. तुम्ही बंगळुरूत असा, हैदराबादला असा की इंदूरला, सोसायटीतल्या चार-पाच मुलांना सहा वाजता गोळा करा. कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या मुलांनाही फेर धरायला भाषा लागत नाही.

कोजागरीचं तसंच. आपल्याला वाटतं, मसाला दूध म्हणजे रात्री बाराच. पण पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळण्याच्या सुमारासच उगवतो. सात-साडेसातला तो गच्चीवरून छान दिसतो. त्याच दिवशी घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळायची रीत आहे. मुलाला ओवाळा, वाटीभर दूध द्या, चंद्र दाखवा आणि साडेआठला झोपवा. मोठ्यांनी मग खुशाल बारापर्यंत जागावं.

दिवाळीतलं अभ्यंगस्नान तर पहाटेचं, म्हणजे आदल्या रात्री लवकर झोपल्याशिवाय त्यात आनंदच नाही. चार वाजता उठवायचीही गरज नाही. मुंबई-पुण्याकडे त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, साडेपाचला उठवलं तरी स्नान सूर्योदयाआधीच होतं. आणि किल्ला? तो तर भर दिवसाचा उद्योग. फ्लॅटच्या बाल्कनीत दोन विटा, गोणपाट आणि बादलीभर माती पुरते. वर अळीव पेरले तर तीन-चार दिवसांत हिरवळ दिसते. दुपारभर मातीत खेळलेलं मूल संध्याकाळी वेगळं झोपवावं लागत नाही.

आता महाराष्ट्राबाहेरच्या घरांची एक अडचण. महाराष्ट्रात मोठी सुट्टी दिवाळीची. कर्नाटकात ती दसऱ्याची असते, बंगालमध्ये पूजेची. मग दिवाळीला हातात दोन-तीन दिवस उरतात, रात्रीच्या बसने किंवा रेल्वेने गाव गाठायचं आणि लगेच परतायचं. अशा वेळी झोपेची वेळ पाळणं अवघडच. तेव्हा क्रम पाळा. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, पण "आधी काय, नंतर काय" हे पक्कं कळतं. जेवण, हातपाय धुणं, एक गोष्ट, दिवा बंद. घरी हेच, आजोळी हेच आणि रेल्वेच्या बर्थवरही हेच. जागा बदलली तरी क्रम ओळखीचा असला की मूल निवांत होतं.

आता थोडं गंभीर बोलू या. शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणायची जुनी पद्धत आहे, कारण या दिवसांत आजारपणं वाढतात. पाऊस सरतो, जमीन ओली असते, आकाश मोकळं होऊन ऊन तापतं. हीच आपली 'ऑक्टोबर हीट'. दुपारी घामाच्या धारा आणि पुण्यात, नागपुरात, इंदुरात पहाटे गारवा. चेन्नईकडे तर याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, तिथली दिवाळी छत्रीतली. म्हणून मुलाला एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ घाला, काढता-घालता येतात. आणि खेळाच्या नादात ते पाणी मागत नाही, तेव्हा आठवणीने द्या.

पावसाळ्यानंतरचे हे दिवस डेंग्यूचेही असतात. त्याचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. म्हणजे मुलं खाली खेळतात नेमकी तीच वेळ. तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कुंड्यांखालच्या बशा, कूलर, फ्रिजमागचा ट्रे रिकामे करून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.

आणि हे नीट ऐका. सणात मुलाला ताप आला की आपण पटकन म्हणतो, "दगदग झाली, प्रवास झाला, तेलकट खाल्लं." तिथेच दिवस वाया जातात. या ऋतूतला ताप दगदगीच्या नावावर टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर लगेच. तापाला पॅरासिटामॉल द्यायचं, तेही वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनाने देऊ नका, डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जास्त जोखमीचे असतात. ताप गेला, पण पोट सारखं दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, लघवी कमी झाली, मूल मलूल पडलंय; यातलं एकही दिसलं तर फराळ तसाच ठेवून रुग्णालय गाठा.

फटाक्यांचं थोडक्यात. लहान मूल मिनिटाला आपल्यापेक्षा जास्त वेळा श्वास घेतं, त्यामुळे धूरही वजनाच्या मानाने जास्त जातो. दिल्लीच्या बाजूला तर हवा आधीच जड झालेली असते. फुलबाजी निरुपद्रवी वाटते, पण तिची तार विझल्यावरही चटका देते. ती टाकायला पाण्याची बादली जवळ ठेवा, आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात देऊच नका. पणत्या लावताना वात भिजवायचं काम त्याला द्या, तेवढ्यानेही ते खूश होतं.

शेवटचा मुद्दा. हे सगळं ऐकताना घरातली आई मनात म्हणत असेल, "म्हणजे आणखी कामं माझ्यावरच." फराळही तिने करायचा, मुलालाही तिनेच साडेआठला झोपवायचं आणि पाहुण्यांना चहाही तिनेच द्यायचा, असं असेल तर कुठलाच क्रम टिकणार नाही. परगावी तर शेजारी ना आत्या, ना मावशी. म्हणून नवरात्र बसायच्या आधीच घरात ठरवा: या दोन महिन्यांत रात्रीची गोष्ट कोण सांगणार? बाबांनी ते काम अंगावर घ्यावं. चार चकल्या कमी झाल्या तर दिवाळी अडत नाही. दमून रडणारं मूल आणि दमून चिडलेली आई असली की मात्र ती गोड होत नाही.

आपल्याकडे आशीर्वाद देतानाही शंभर शरद बघ, असं म्हणत आलेत. आपल्या पोराचा हा तिसरा किंवा चौथा शरद असेल. तो त्याने पोटभर झोपून, ताज्या डोळ्यांनी बघावा, एवढीच इच्छा.

तुमच्या गावात, तुमच्या राज्यात संध्याकाळचे सण कसे होतात, तेही जरूर कळवा. पुढच्या भागात हेमंतातल्या भुकेबद्दल बोलू. तोवर नमस्कार.