वर्षभराचा पाहुणा आणि त्याच्यासाठी घर शोधणारा माणूस

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती व्हिसा, शिष्यवृत्ती आणि विमानभाडे यांची. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते ठीकही आहे. ती मुले वसतिगृहात राहतात, स्वतःचे स्वतः पाहतात. परंतु पंधरा ते अठरा वर्षे वयाची शाळकरी मुले जेव्हा विनिमय योजनेतून वर्षभरासाठी परदेशी जातात, तेव्हा ती वसतिगृहात नव्हे, तर एखाद्या अनोळखी कुटुंबात राहतात. त्या घरातील ताटात जेवतात, त्यांच्या मुलांबरोबर शाळेत जातात आणि आई-बाबा म्हणून हाक मारतात तीही त्या घरातल्यांनाच. हे घर कोणी निवडले, कशावरून निवडले आणि निवड चुकली तर पुढे काय, हे प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत. त्यांची उत्तरे ज्याच्याकडे असतात त्याला या व्यवहारात 'स्थानिक समन्वयक' म्हणतात.

या योजनांचा इतिहास जुना आहे. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' ही संघटना उभी राहिली. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये तिने शाळकरी मुलांच्या विनिमयाचे काम हाती घेतले. तीच आजची ए.एफ.एस. 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' या संस्थेने त्याआधीच, १९३२ पासून, तरुणांना परक्या देशातील कुटुंबांत राहायला पाठविण्यास आरंभ केला होता. रोटरीची युवा विनिमय योजना आपल्या वाचकांना अधिक परिचयाची असेल. अमेरिकन सरकारने २००२ मध्ये सुरू केलेली 'यस' ही शिष्यवृत्ती योजना भारतात ए.एफ.एस. मार्फत राबविली गेली. या साऱ्यांत एक सूत्र समान आहे: विद्यार्थ्याला ठेवून घेणाऱ्या यजमान कुटुंबाला त्याचे भाडे मिळत नाही. पैशासाठी घर उघडणारा माणूस नको, ही त्यामागील भूमिका.

आपल्याला हे सारे पाश्चात्त्य वाटते, पण तसे ते नाही. 'वार लावून जेवणे' ही महाराष्ट्रातील गरीब विद्यार्थ्यांची जुनी रीत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांचे सात वार. ते वार मिळवून देणारा कोणी तरी वडीलधारा गावात असे, आणि त्याच्या शब्दावर अनोळखी मुलासाठी पान वाढले जाई. धाराशिव जिल्ह्यापुरते बोलायचे तर तुळजापूरचे उदाहरण समोरच आहे. भवानीच्या दर्शनाला येणारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या पुजाऱ्याकडे उतरतात. कोणते घराणे कोणाचे यजमान हे ठरलेले असते. फरक इतकाच, की तुळजापुरात उतरणारे भाविक कुटुंबासह आणि एक-दोन दिवसांसाठी येतात. विनिमयाचा विद्यार्थी एकटा येतो आणि दहा-अकरा महिने राहतो.

या जिल्ह्यात विद्यार्थी-विनिमय मुळीच नाही असेही नाही. तुळजापूरला जवाहर नवोदय विद्यालय आहे. नवोदय विद्यालयांच्या नियमानुसार नववीतील सुमारे ३० टक्के मुले एका वर्षासाठी दुसऱ्या राज्यातील नवोदय विद्यालयात पाठविली जातात. बिगर-हिंदी भागातील मुले हिंदी भाषक जिल्ह्यात जातात आणि तिकडची मुले इकडे येतात. शेतकऱ्याचा किंवा ऊसतोड मजुराचा चौदा वर्षांचा मुलगा वर्षभर परक्या मुलखात राहून येतो, हे या देशातील विनिमयाचे फार मोठे आणि फार कमी बोलले गेलेले उदाहरण आहे. मात्र तेथे घर नसते, वसतिगृह असते. मुलांची काळजी शिक्षक वाहतात. शाळा, भोजनगृह आणि झोपण्याची जागा एकाच कुंपणाच्या आत असल्याने त्यांचे मूल कोणाकडे आहे, असा प्रश्न पालकांपुढे उभा राहत नाही. यजमान कुटुंब आले की हे कुंपण नाहीसे होते आणि त्याच्या जागी समन्वयक उभा करावा लागतो.

समन्वयकाचे काम वरवर पाहता लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थासारखे दिसते. इकडे विद्यार्थ्याचा अर्ज: त्याचे छायाचित्र, यजमानांना लिहिलेले पत्र, शिक्षकांचा अभिप्राय, प्रकृतीचा अहवाल. तिकडे कुटुंबाची माहिती. पत्रिका जुळवाव्यात तशी दोन्हींची सांगड घालायची. परंतु अनुभवी समन्वयक छंदांच्या यादीकडे फारसे पाहत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मुलाला गिटार आवडते आणि यजमानांच्या मुलालाही आवडते, एवढ्यावर वर्ष निघत नाही. वर्ष निघते ते बारीकसारीक गोष्टींवर. घरात मांसाहार होतो का, कुत्रे आहे का, सिगारेट कोण ओढतो, रात्री जेवण किती वाजता, शाळा किती दूर, आजोबांना आवाज सहन होतो का, आणि अंघोळीला किती वेळ लागलेला चालतो!

हा शेवटचा प्रश्न धाराशिवमध्ये हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शहराला उजनीवरून पाणी आणण्याची योजना झाली, तरी नळाला रोज पाणी येईल असे गृहीत धरून येथे कोणी संसार मांडत नाही. रोज वीस मिनिटे शॉवरखाली उभे राहण्याची सवय असलेल्या मुलीला बादली आणि तांब्या देताना त्यामागचे कारणही सांगावे लागते. नाही तर तिला तो कंजूषपणा वाटतो आणि यजमान काकूंना तिची अंघोळ हा उधळेपणा वाटतो. दोघींपैकी कोणीच बोलत नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याचे रूपांतर 'ही मुलगी आमच्यात मिसळत नाही' या तक्रारीत होते. तेव्हा समन्वयकाने येऊन पाण्याची गोष्ट उलगडून सांगितली, तर निम्मी कटुता तिथेच संपते. असेच जेवणाच्या आग्रहाचे. आपल्याकडे पाहुण्याचे पहिले 'नको' कोणी खरे मानत नाही. परदेशी मुलाचे पहिलेच 'नको' खरे असते. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या घरात मुलाने काय खायचे, मासिक पाळीच्या दिवसांत घरात काही शिवाशीव पाळली जाते का, उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपतात तेव्हा मुलीने कोठे झोपायचे, शेजारच्या मुलाबरोबर ती बाजारात गेली तर गल्ली काय म्हणेल, हे प्रश्न मूल विमानात बसण्यापूर्वी विचारायचे असतात आणि तेही त्या घरी जाऊन. फोनवर सगळी घरे चांगलीच असतात.

घरी जाऊन विचारण्याची ही गोष्ट अमेरिकेने कायद्याच्या भाषेत लिहून ठेवली आहे आणि त्यामागे एक दुःखद प्रकरण आहे. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्क्रँटन शहरात काही परदेशी विद्यार्थी अत्यंत गलिच्छ घरांत, अर्धपोटी अवस्थेत राहत असल्याचे उघडकीस आले. त्यांना तेथे ठेवणाऱ्या स्थानिक समन्वयक महिलेवर पुढे खटला चालून शिक्षाही झाली. त्यानंतर २०१० मध्ये तेथील परराष्ट्र खात्याने नियम कडक केले. त्या नियमांनुसार यजमानांची मुलाखत त्यांच्या घरीच झाली पाहिजे. घराची छायाचित्रे नोंदीत हवीत. कुटुंबातील प्रत्येक प्रौढाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली गेली पाहिजे. विद्यार्थ्याला स्वतंत्र पलंग हवा. खोली वाटून घ्यायची तर ती फक्त एकाच आणि समलिंगी व्यक्तीबरोबर. समन्वयकाने दरमहा विद्यार्थ्याची चौकशी केली पाहिजे आणि यजमानांशीही बोलले पाहिजे. पहिल्या दोन महिन्यांत त्या घराला आणखी एक भेट व्हावी, आणि ती ज्याने घर निवडले त्याने नव्हे, तर दुसऱ्याच कोणी तरी द्यावी.

या शेवटच्या कलमात सगळ्या व्यवसायाची मेख आहे. अमेरिकेत अनेक संस्था समन्वयकाला दर विद्यार्थ्यामागे काही मानधन देतात. विद्यार्थी घरात बसला की पैसे. घर नाकारले तर काही नाही. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होणार, मुलांची तिकिटे निघालेली आणि घरे कमी, अशा वेळी 'हे घर चालेल' असे म्हणण्याचा मोह किती मोठा असेल ते वेगळे सांगायला नको. ज्याने घर मिळवून दिले त्यालाच ते घर वाईट निघाले हे कबूल करायला लावणे, ही रचनाच सदोष आहे. लग्न लागले की मध्यस्थ मोकळा होतो. समन्वयकाचे खरे काम मुलगा घरात आल्यावर सुरू होते, म्हणून मानधन द्यायचेच असेल तर ते घर मिळविण्याबद्दल नव्हे, नंतरच्या महिन्यांबद्दल असावे असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. रोटरीच्या पद्धतीत एक चांगली सोय आहे. तेथे विद्यार्थी वर्षभरात एकाहून अधिक कुटुंबांत राहतो आणि त्याच्यासाठी नेमलेला सल्लागार यजमान कुटुंबातील नसतो. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे, त्याच्याच दिवाणखान्यात बसून ती सांगण्याची वेळ मुलावर येत नाही.

अमेरिकन नियमांत आणखी एक अंतराची अट आहे. समन्वयक विद्यार्थ्याच्या घरापासून १२० मैलांच्या, म्हणजे सुमारे १९० किलोमीटरच्या आत राहणारा असावा. तो नियम आपल्याला लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे. पुण्याहून धाराशिव या अंतरात बसत नाही. सोलापूर आणि लातूर बसतात. पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना मराठी कुटुंबांत ठेवण्याचा अनुभव मोठा आहे. अमेरिकेतील मिडवेस्ट भागातील महाविद्यालयांच्या संघाने १९६९ पासून पुण्यात भारत-अभ्यासाचा कार्यक्रम चालविला. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचे मराठीचे वर्गही पुण्यातच. परंतु ते विद्यार्थी महाविद्यालयीन, म्हणजे प्रौढ. शिवाय पेठेतील किंवा कोथरूडमधील घराचा अनुभव उमरगा किंवा परंड्याच्या घराला जसाच्या तसा चालत नाही. तेव्हा पुण्यातून दूरध्वनीवर धाराशिवचा विद्यार्थी सांभाळता येईल, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये.

स्थानिक माणूस हवा, हे खरे. पण लहान गावात स्थानिक असण्याची किंमतही मोजावी लागते. येथे घराची चौकशी करणे सोपे आहे. किराणा दुकानदार, शाळेचे शिक्षक, दूधवाला यांच्याकडून दोन दिवसांत सारे कळते, आणि पोलिसांच्या दाखल्यात न येणाऱ्या गोष्टीही कळतात. कठीण आहे ते नाही म्हणणे. गावातील एखाद्या वजनदार गृहस्थाने मोठ्या हौसेने, 'आमच्या बंगल्यात ठेवा की, चार खोल्या रिकाम्या आहेत,' असे म्हटल्यावर, तुमच्या घरी संध्याकाळनंतर काय चालते हे मला ठाऊक आहे, असे समन्वयक त्यांना कसे सांगणार? त्याला त्याच गावात राहायचे असते, त्यांच्याच घरच्या लग्नाला जायचे असते. म्हणून नकाराचा अधिकार दुसऱ्या गावातील समितीकडे असावा आणि समन्वयकाचा गोपनीय अभिप्राय तिच्याकडे जावा, ही व्यवस्था लहान जिल्ह्यांसाठी आवश्यक ठरते. असे झाले की समन्वयकाला हात वर करून 'वरून आले नाही हो' म्हणता येते, आणि हे खोटे बोलणे क्षम्य मानावे.

कायद्याची बाजू थोडक्यात. परदेशी नागरिकाला घरी ठेवणाऱ्याने त्याच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे ऑनलाइन कळवायची असते. पूर्वी हा अर्ज 'फॉर्म सी' म्हणून ओळखला जाई. १९४६ चा जुना कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा कायदा लागू झाला, तरी यजमानांची ही जबाबदारी कायम आहे. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असल्याने २०१२ चा पोक्सो कायदा त्यालाही संरक्षण देतो. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळविणे हा त्या कायद्यान्वये गुन्हा आहे. 'गावात चर्चा नको' म्हणून प्रकरण घरातल्या घरात मिटविण्याचा मार्ग समन्वयकाला मोकळा नाही. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक मुलाला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावावा.

घर बदलण्याविषयीही गैरसमज आहेत. कुटुंबाला तो अपमान वाटतो, मुलाला अपयश वाटते. वास्तविक दोन चांगली माणसेही एका छताखाली सुखी नसतात, हे आपल्या एकत्र कुटुंबांना कोणी शिकवायला नको. समन्वयकाने प्रथम दोघांना समोरासमोर बसवावे, काही दिवसांची मुदत द्यावी, आणि तरीही जमले नाही तर शांतपणे दुसरे घर शोधावे. त्यासाठी एक घर आधीपासून हाताशी राखून ठेवावे लागते. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरली तेव्हा ए.एफ.एस.ने जगभरातील आपले विद्यार्थी मुदतीपूर्वीच मायदेशी परत पाठविले. अशा वेळी मुलाची बॅग भरण्यापासून विमानतळावर सोडण्यापर्यंत सारे स्थानिक माणसांच्याच अंगावर पडते.

ज्या पालकांना आपले मूल पाठवायचे आहे किंवा परक्याचे मूल ठेवून घ्यायचे आहे, त्यांनी संस्थेला माहितीपत्रकात नसलेले चार प्रश्न विचारावेत. आमचा समन्वयक कोण आणि तो किती दूर राहतो? त्याच्याकडे आणखी किती विद्यार्थी आहेत? त्याला मानधन कशाबद्दल मिळते? आणि रात्री अकरा वाजता मुलाने फोन केला तर तो कोण उचलतो? चौथ्या प्रश्नाला उत्तर म्हणून कार्यालयाचा क्रमांक मिळाला, तर समन्वयकाचा स्वतःचा क्रमांक मागून घ्यावा आणि तो एकदा रात्री लावून पाहावा.